खुणांची यादी

ठाणे, रविवार, ६ मार्च १९५५

परशुराम,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही आणि खाली आशीर्वादही नसेल. विसरले असं समजू नकोस. तुझं नवं घर माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर, तरी सख्ख्या भावाला मी पोस्टातून पत्र पाठवतेय, कारण तीन वेळा तुझ्या दारात येऊन परत गेले. तिन्ही वेळा उत्तरा म्हणाली, "वन्सं, हे मीटिंगला गेलेत." तिसऱ्या वेळी तुझ्या वहाणा उंबऱ्याशीच होत्या. उत्तराला बोल लावत नाही. तुझ्या बायकोला खोटं बोलताना घाम फुटतो बिचारीला. तुला मात्र फुटत नाही.

कामाचं लिहिते. सहदेवला नोटीस आली आहे. आपल्या वॉर्डाच्या पाण्याची चावी सोडणारा सहदेव. कुठला सहदेव म्हणून विचारशील, म्हणून सगळं सांगितलं. 'ठरलेल्या वेळेपूर्वी चावी बंद करून नागरिकांची गैरसोय केल्याबद्दल नोकरीतून कमी का करू नये', असं तीत आहे. ३१ तारखेला चौकशी. दोषी ठरला तर नोकरी गेली आणि टाकीखालची खोलीही गेली. आणि हे सिद्ध करायला पुरावा कुठला, तर आपली पाण्याची वही.

वही कशी सुरू झाली हे तू निवडणुकीच्या प्रत्येक सभेत वेगळं सांगितलंस, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. नगरपालिकेच्या फळ्यावर पाणी सकाळी सहा ते आठ. आळीतल्या नळाला प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास. आपण चार अर्ज केले, चारही वेळा उत्तर आलं की पाणी वेळेवर सुटतं. तेव्हा तू वकिली पवित्रा घेऊन म्हणालास, "अक्का, तोंडी तक्रारीला काडीची किंमत नाही. रोजची नोंद पाहिजे." मी शाळेतून एक मोठी वही आणली. वॉर्डातले अकरा नळ वाटून घेतले. तेवीस बायका तयार झाल्या. निम्म्यांना सही येत नव्हती, म्हणून ज्या त्या बाईनं आपापली खूण ठरवली. आवडाबाईची भाजीची पाटी, रंगूबाईची तुळस. सहदेवची बायको शेवंती कोलशेतची, बापाचा जन्म मिठागरात गेलेला. तिनं मिठाची रास घेतली, म्हणजे त्रिकोण आणि खाली एक रेघ. मी पत्र्याचं घड्याळ घेऊन तीन महिने त्यांना तास-मिनिटं शिकवली. शेवंती सगळ्यांत आधी शिकली. मग तिला अक्षरंही शिकायची होती, तीही शिकवली.

दुसऱ्या बायका फक्त नळाला पाणी कधी आलं आणि कधी गेलं ते लिहायच्या. शेवंतीच्या दारासमोरच चावीचा खड्डा, त्यामुळे चावी कधी फिरली हेच ती लिहायची. 'सहा सोडली. सहा चाळीस बंद.' स्वतःच्या नवऱ्याच्या कामावर बाई सात महिने देखरेख ठेवत होती आणि ती खरी ठेवत होती. तू कौपिनेश्वराच्या पायरीवर उभं राहून तिला म्हणालास, "शेवंतीबाई, कुठली खूण कुणाची, हे आपल्यातच राहील. वही वरच्यांना धरायला आहे, सहदेवला नाही." बाईनं देवळाकडे पाहून हात जोडले आणि लिहायला लागली.

वरचे कोण हेही तुला ठाऊक आहे. सहदेव माझ्या खोलीत, तुझ्यासमोर, चहाची बशी हातात धरून म्हणाला होता, "बर्फाच्या कारखान्याला दाब मिलत नाय म्हून ओव्हरसियरसाहेब सांगतात, पावनेसातच्या आत चावी फिरव. लिवून देत नायत." तू ते ऐकलंस. तू आज पाणी कमिटीवर आहेस. ३१ तारखेला तू एवढंच सांगायचंस की हुकूम तोंडी होता आणि तो तुला माहीत होता. दुसरं काही मागत नाही.

त्रिकोण म्हणजे शेवंती, हे ओव्हरसियरला कुणी सांगितलं? तुझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार होतं?

सुमती


ठाणे, १४ मार्च १९५५

परशुराम,

तुझं उत्तर मिळालं. घरच्या पत्रालाही तू छापील कागद वापरायला लागलास, वर नाव, खाली पद. छान आहे.

तू लिहितोस, कमिटीचं कामकाज बाहेर बोलता येत नाही. तू लिहितोस, सहदेवनं लेखी हुकूम मागायला हवा होता. अरे, ज्याला साहेबासमोर टोपी सरळ करायलाही धीर लागतो, त्यानं साहेबाकडे लेखी हुकूम मागायचा? तू वकील होऊन ओव्हरसियरकडे मागू शकला नाहीस. पुढे लिहितोस, दोन वर्षांत तू कमिटीचा अध्यक्ष होशील, तेव्हा वॉर्डाला नवी मोठी नळवाहिनी आणशील, आणि तोपर्यंत एखाद्या माणसाचं थोडं सोसावं लागेल. सोसणारा एखादा माणूस तू कधी नसतोस, हे मी लहानपणापासून बघतेय.

आणि शेवटची ओळ. 'अक्का, खुणांची यादी तुझ्याच अक्षरात आहे.'

हो. आहे. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. तू लिहिणार नाहीस अशी आशा होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तू आलास. निवडून आल्याला महिना झाला होता, अंगावर नवा कोट होता. माझ्या डब्यातले तिळाचे लाडू खात म्हणालास, "वही कमिटीपुढे ठेवतोय. पण मासे, तुळशी, त्रिकोण बघून लोक हसतील. ही खरी माणसं आहेत हे मला तरी दाखवता यायला हवं. यादी माझ्या खिशातून बाहेर निघणार नाही." मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उलट मला बरं वाटलं. सोळा वर्षं हजेरीपट भरलेत मी, नाव नसलेली हजेरी मला बघवत नाही. ती वही म्हणजे मला सात महिने डोळ्यात कुसळ होती, आत सगळी चित्रंच. मी कोरा फुलस्केप घेतला, लाल शाईनं समास आखला. खूण, नाव, नवऱ्याचं नाव, घर. तेवीस ओळी, एक खाडाखोड नाही. तुला दिल्यावर मी म्हणाले होते, "आता कशी शोभते." आठवतं? मला आठवतं.

नोटीस आली त्या दिवशी शेवंती माझ्याकडे आली. खाली बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. "बाई, तिकोन माजा हाय, ह्ये त्यांना कोनी सांगलं?" मी म्हणाले, "परशुरामनं." ते खोटं नव्हतं. पण अर्धं होतं, आणि मला सोयीचं तेवढंच अर्धं मी सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग गेली.

म्हणून तुझी चूक कमी होत नाही. यादी मी लिहिली, खिशातून काढून फायलीला तू लावलीस. मी मूर्खपणा केला. तू जे केलंस त्याला मूर्खपणा म्हणत नाहीत.

सहदेव बायकोशी बोलत नाही. तिनं ताट वाढलं की उठून बाहेर जातो आणि स्टेशनावर भजी खातो. आवडाबाई सांगत होती, शेवंती ते ताट झाकून ठेवते आणि दुपारी स्वतः खाते. सहदेवला वाटतं, बायकोनंच त्याला पकडून दिलं. वहीत बघितलं तर तसंच दिसतं. चौकशीत तू खरं बोललास तर त्याची नोकरी राहील, आणि बायको वरच्यांविरुद्ध लिहीत होती, आपल्याविरुद्ध नाही, हेही त्याला कळेल. दोन्ही तुझ्या एका वाक्यावर आहे. ३१ तारीख विसरू नकोस.

सुमती


ठाणे, शनिवार, २ एप्रिल १९५५

परशुराम,

परवा तू डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर होतास. मी मागे भिंतीशी होते. तू पाहिलंस, कारण त्यानंतर एकदाही त्या बाजूला मान वळवली नाहीस.

सहदेव धुतलेलं धोतर नेसून आला होता. शेवंती बाहेर पायरीवर बसली होती, तिला आत घेतलं नाही, साक्षीला वही पुरे म्हणाले. ओव्हरसियरनं वही वाचली. मी त्या वहीचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. "सहा चाळीस, बंद. सहा अडतीस, बंद. सहा चाळीस, बंद." एकेक महिना. प्रत्येक पानाला थांबून म्हणायचा, "खूण, आरोपीच्या पत्नीची." सहदेव त्याच्या तोंडाकडे बघत होता. निवडणुकीच्या वेळी हेच आकडे तू सभेत वाचलेस तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

सहदेवला विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून चावी बंद केलीस? त्यानं नाव घेतलं. ओव्हरसियर हसला आणि म्हणाला, "लेखी आहे?" सहदेवनं तुझ्याकडे पाहिलं. फार आशेनं पाहिलं असंही नाही, सहज, जसं आपण ओळखीच्या माणसाकडे पाहतो तसं. म्हणाला, "परशुरामभाऊंना म्हाईत हाय. बाईंच्या खोलीत मी सांगलं व्हतं."

अध्यक्षांनी तुला विचारलं. तू पेन्सिलीचं टोक बघितलंस आणि म्हणालास, "मला असं काही आठवत नाही."

परशुराम, तुला लहानपणी पाठांतराला बक्षिसं मिळाली आहेत. रामरक्षा तू पाचव्या वर्षी म्हणत होतास. आईला भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी ते कौतुकानं सांगायची.

मी उभी राहिले. म्हणाले, मी तिथं होते, हुकूम तोंडी होता, हे यानंही ऐकलंय. अध्यक्ष म्हणाले, प्रेक्षकांना बोलता येणार नाही. मी बोलत राहिले. यादी मी लिहिली, बायकांना शब्द देऊन फसवून लिहिली, हेही सांगितलं. कारकुनानं लेखणी खाली ठेवली होती, त्यामुळे यातलं एक अक्षरही कुठं उतरलेलं नाही. शिपायाची मुलगी माझ्या वर्गात आहे. त्यानं मला हात लावला नाही, नुसता शेजारी येऊन म्हणाला, "चला बाई." मी गेले.

बाहेर पडताना तू शेवंतीजवळ थांबलास. "मी बघतो काहीतरी," म्हणालास. ती तुझ्याकडे बघत बसून राहिली, उठली नाही. नगरसेवक आल्यावर न उठलेली ती पहिली बाई असेल. तुला त्याचाच राग आला हे तुझ्या मानेवर दिसलं.

काल निकाल लागला. सहदेवला कमी केलं. खोली दहा तारखेपर्यंत सोडायची आहे. ओव्हरसियरनं 'सतर्क नागरिकांच्या सहकार्याबद्दल' आभार मानलेत म्हणे. ते आभार तुझे की माझे, हे तूच ठरव.

सुमती


ठाणे, रविवार, २४ एप्रिल १९५५

परशुराम,

तू या महिन्यात एकदाही उत्तर दिलं नाहीस. मीही अपेक्षा ठेवली नव्हती. हे लिहितेय ते कुणाला तरी सांगायला हवं म्हणून, आणि ऐकायला तुझ्यापेक्षा लायक माणूस या जगात नाही.

शुक्रवारी कोलशेतला गेले. शेवंती माहेरी आहे. सहदेव शहाडच्या एका कारखान्यात लागलाय, एकटाच गेला. बायकोला बोलावीन असंही म्हणाला नाही आणि बोलावणार नाही असंही नाही. ती मिठागरावर भेटली. भर उन्हात अनवाणी, डोक्यावर मिठाची पाटी, भावजयीच्या बरोबरीनं. सात वर्षं बाई टाकीखालच्या सावलीत राहिली होती. तिच्या टाचा फुटल्या होत्या आणि मीठ लागून लाल झाल्या होत्या.

चौकशीत मी ओरडून सांगितलं ते तिला बाहेर पायरीवर ऐकू गेलं नसणार, असं मी धरून चालले होते. म्हणून पुन्हा सांगितलं. सगळं, लाल समासासकट. म्हणाले, "शेवंती, ती यादी मी केली. परशुरामनं मागितली हे खरं, पण लिहिली मी. तू विचारलंस तेव्हा मी लपवलं."

तिनं पाटी उतरवून बांधावर ठेवली. "मना म्हाईत हाय, बाई."

"कधीपासून?"

"नोटीस आली तवाच. साहेबानं यादी दाखविली ना मना. माजं नाव तुमी किती येला लिवून दिलंय, पाटीवर, मी गिरवाला. मी वलखनार नाय?"

मी बांधावरच बसले. म्हटलं, "माहीत होतं, तर मग मला विचारायला का आलीस?"

"तुमी सांगता का बघाला." ती रागानं बोलत नव्हती. मला ती रागावली असती तर बरं झालं असतं. "त्यांचं काय, ते मतं मागाला आलेले. तुमी आमच्यात बसायच्या. म्हून दीड म्हैना वाट बघितली."

मी म्हणाले, मी शहाडला जाते, सहदेवला समजावते, तू त्याच्याविरुद्ध नव्हतीस हे सांगते. तिनं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. भावजय हाक मारत होती. जाता जाता म्हणाली, "नको बाई. तुमी आमच्यासाठी आता कायच करू नका."

तेवढंच. चालत परत आले.

तू मला फसवलंस म्हणून दीड महिना मी पेटून उठले होते. कुणी फसवलं की माणसाला जरा मोठं झाल्यासारखं वाटतं, नाही? आपण स्वच्छ, समोरचा घाण. माझी ती सोय शेवंतीनं काढून घेतली. पण लक्षात ठेव, त्यामुळे तू सुटलेला नाहीस. तुझ्यावरचा माझा राग आहे तसाच आहे, फक्त आता तो करताना माझं मलाच ऐकू येतं.

सुमती


ठाणे, रविवार, १५ मे १९५५

परशुराम,

उत्तरा येऊन गेली. तुझं पत्र, पेढे आणि नवी वही देऊन गेली. पेढे शेजारी वाटले. वही तिच्याच हाती परत पाठवली असती, पण ती बिचारी जिना चढून दमली होती, म्हणून पोस्टानं पाठवतेय. पुठ्ठा चांगला आहे, नगरपालिकेचा शिक्काही छान उमटलाय.

तू लिहितोस की नगरपालिकेनं 'नागरिक देखरेख मंडळ' मान्य केलंय. नुसतं पाणी नाही, आता झाडलोट, गटारं, रस्त्यावरचे दिवे, सगळ्याची नोंद. मी चिटणीस. बायका पूर्वीच्याच घ्याव्यात, त्यांना सवय आहे. आणि या वेळी गैरसमज नकोत म्हणून खुणा न ठेवता पहिल्यापासून नावंच लिहावीत. हे तू सरळ हातानं लिहिलंस, हात अडखळल्याची एकही खूण अक्षरात नाही.

तुला वाटतंय मी रागानं नाही म्हणतेय. राग बाजूला ठेव. मंडळ चालेल कसं ते सांगते, ऐक.

नवा चावीवाला सहा पंचवीसलाच चावी बंद करतो. हे मी माझ्या खिडकीतून बघून सांगतेय, मला कुणी सांगितलेलं नाही. परवा नळावर आवडाबाईला विचारलं, "आज पाणी किती वाजता आलं गं?" ती म्हणाली, "काय की बाई. आमाला कुठं घड्याळ समजतं?" तीन महिने मी तिला घड्याळ शिकवलंय. शेवंतीच्या खालोखाल तीच हुशार होती. बाकीच्या बायका आपापल्या कळशीत बघत होत्या.

मी माझा हंडा रांगेत शेवटी ठेवला, नववा. रंगूबाई आली, तिनं तो उचलला आणि नळाखाली सगळ्यांच्या आधी नेऊन ठेवला. म्हणाली, "तुमी भरा बाई, तुमाला शाळेला उशीर होईल." मे महिना आहे, शाळा बंद आहे, हे तिलाही ठाऊक आहे. ओव्हरसियरची मोलकरीण घागर घेऊन आली की तिला असंच पुढे घेतात, तू कधी पाहिलं नसशील. मी म्हटलं, "माझा नंबर येईल तेव्हा भरीन," आणि हंडा काढून बाजूला घेतला. कुणी पुढे आलं नाही. नळ सुटलेला, पंचवीस मिनिटांचं पाणी, आणि ते धो धो खाली गटारात चाललंय. आठ बायका भांडी घेऊन उभ्या आणि एकीनंही आपली कळशी नळाखाली लावली नाही. भांडण नाही, टोमणा नाही. नुसत्या थांबल्या होत्या.

शेवटी मी भरला, कारण मी भरल्याशिवाय त्यांना पाणी मिळणार नव्हतं. भरून निघाले, मग मागे कळश्या वाजल्या आणि बोलणं सुरू झालं.

तेव्हापासून हे रोजचं झालंय. मी उशिरा जाऊन बघितलं, हंडा शेवटी ठेवून दूर उभी राहूनही बघितलं. कितीही मागे ठेवला तरी तो पुढे येतो. रोज मी पहिली असते, परशुराम.

सुमती